दारात आलेला करार

"करंटचे बिल कायमचे शून्य करून देतो, तुम्ही फक्त इथे सही करा." हुबळी आणि धारवाडच्या जुन्या वस्त्यांतून हे वाक्य आता कोणाला नवे राहिलेले नाही. मराठा गल्ली असो, दुर्गदबैलच्या आसपासची घरे असोत, धारवाडचे मालमड्डी किंवा कमलापूर असो, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी अडकवलेला, हातात छापील कागदांची फाईल घेतलेला तरुण दारात उभा राहतो. वेळ त्याने मुद्दाम निवडलेली असते. कर्ती माणसे कामावर, मुले शाळेत, घरात आजी-आजोबा किंवा एकटी सून. तो कानडीत सुरुवात करतो आणि आतून मराठी शब्द कानावर आला की लगेच मराठीत वळतो. "आम्ही पण तुमच्यातलेच, काकू" असे म्हणतो. पाणी मागतो, मग खुर्ची मिळते, मग चहा येतो, आणि चहा संपेपर्यंत कागदावर सही झालेली असते.

सही कशावर झाली हे संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर कळते. कधी ते कर्जाचे कागद असतात, कधी छतावर पंचवीस वर्षे दुसऱ्याची यंत्रसामग्री ठेवण्याचा करार, तर कधी आगाऊ रक्कम घेतल्याची एक साधी पावती, ज्यावर कंपनीचा धड पत्ताही नसतो. घरोघरी जाऊन वीज, सौरऊर्जा आणि गॅस यांच्या नावाखाली चाललेल्या या विक्रीबद्दल आम्ही या अंकात लिहितो आहोत. नुकसान पैशाचे आहेच, पण आपल्या समाजाच्या एका जुन्या गुणावर, म्हणजे दारात आलेल्याला माणूस समजण्याच्या सवयीवर, हा धंदा उभा आहे, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

आपली जुनी घरेच या विक्रेत्यांना का आवडतात, हे समजून घेतले पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे छत नसते, त्यामुळे त्याच्याकडे हे लोक फारसे जात नाहीत. आपल्याकडे तीन-चार पिढ्यांपासून स्वतःचे घर आहे, वर छत आहे, मागे परसू आहे. घरात पेन्शन येणारे एखादे वडीलधारे माणूस आहे. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी आहेत, आणि "मुलांना कशाला त्रास" म्हणून वडील माणसे लहानसहान निर्णय स्वतःच घेतात. या सर्व गोष्टी विक्रेत्याला त्याच्या कंपनीने शिकवून पाठवलेल्या असतात.

पहिली गोष्ट सर्वांनी पक्की ध्यानात ठेवावी. हुबळी-धारवाडमध्ये घरगुती वीज पुरवणारी संस्था एकच आहे, हेस्कॉम. आपली जुनी माणसे आजही तिला केईबी म्हणतात. १९५६ च्या नोव्हेंबरात आपला भाग मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. १९५७ साली तेथील विद्युत मंडळ स्थापन झाले. १९९९ मध्ये मंडळाची जागा केपीटीसीएल या महामंडळाने घेतली. २००२ मध्ये वितरणाचे काम वेगळे होऊन नवनगरला मुख्य कचेरी असलेली हेस्कॉम आली. धारवाड, बेळगाव, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, विजयपूर आणि बागलकोट हे सात जिल्हे तिच्याकडे आहेत. विजेचा दर हेस्कॉमसुद्धा स्वतः ठरवत नाही. तो बेंगळुरूचा कर्नाटक विद्युत नियामक आयोग ठरवतो. म्हणून जो कोणी दारात येऊन "आमच्या कंपनीकडून वीज घ्या, दर कमी पडेल" किंवा "हेस्कॉमचे कनेक्शन आमच्याकडे वळवून देतो" असे म्हणेल, तो खोटे बोलतो आहे. त्याच्याशी वाद घालण्याचेही कारण नाही. दार लावून घ्यावे.

मुंबई हा यातला अपवाद. तिथे उपनगरांत टाटा आणि पूर्वीची रिलायन्स, आताची अदानी, यांतून ग्राहकाला निवड करता येते. सर्व देशात अशी एकाच भागात अनेक वितरकांची व्यवस्था आणण्याचा विचार केंद्र सरकारने २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात होता. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. पण ती कल्पना मेलेली नाही. ती उद्या परत आली, तर आपल्या दारात आज जो तरुण सौर पॅनेलचे कागद घेऊन येतो तोच वीज कंपनी बदलण्याचे कागद घेऊन येईल. तेव्हा काय होईल हे जाणण्यासाठी कल्पनाशक्तीची गरज नाही. ज्या देशांनी हे आधी केले त्यांच्याकडे पाहावे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकांसाठी विजेचा बाजार १९९९ पर्यंत खुला झाला आणि कंपन्यांचे विक्रेते रस्तोरस्ती दारे ठोठावू लागले. "तुमचे बिल कमी होईल" असे सांगून बदललेल्या कितीतरी ग्राहकांचे बिल प्रत्यक्षात कमी झालेच नाही. अखेर २०११ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी दारावरची विक्री बंद केली. एसएसई या कंपनीला फसव्या विक्रीबद्दल २०१३ मध्ये तेथील नियामकाने एक कोटी पाच लाख पौंडांचा दंड केला. ऑस्ट्रेलियात तीन सर्वात मोठ्या कंपन्यांनी २०१३ मध्ये हाच मार्ग धरला, आणि तिथे "दार ठोठावू नका" असे चिकटपत्र दारावर लावलेले असेल तर विक्रेत्याला ते पाळावे लागते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागांत मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि आपल्यापैकी काहींची मुले तिथे स्थायिक आहेत. नव्याने गेलेल्या माणसाच्या दारात विक्रेता यायचा, "मागचे बिल दाखवा" म्हणायचा, बिलावरचा ग्राहक क्रमांक उतरवून घ्यायचा आणि पाच वर्षांचा चढ्या दराचा करार गळ्यात बांधून जायचा. प्रांताने आधी नियम कडक केले. तेही पुरेना, तेव्हा १ जानेवारी २०१७ पासून दारावर वीज व गॅसचे करार विकण्यालाच बंदी घातली. मग विक्रेत्यांनी माल बदलला. ते पाणी तापवण्याची आणि घर उबदार ठेवण्याची यंत्रे भाड्याने देऊ लागले. १ मार्च २०१८ पासून तीही बंदी आली. तरीसुद्धा आधीच्या करारांपोटी कित्येक घरांच्या सरकारी नोंदीवर यंत्रमालक कंपन्यांचा बोजा चढलेला होता, आणि घर विकायला काढल्यावर मालकाला तो कळायचा. तो बोजा रद्द करणारा कायदा तिथे २०२४ च्या जूनमध्ये झाला. श्रीमंत, शिकलेल्या, कायद्याच्या देशात हे निस्तरायला इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे वीज कंपनी बदलता येत नसल्यामुळे हा धंदा दुसऱ्या वेषात आला आहे. त्याचे सर्वात मोठे रूप म्हणजे छतावरील सौरऊर्जा. येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. सौरऊर्जा वाईट नाही आणि सरकारी योजनाही खोटी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटसाठी एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरवलेली आहे. म्हणजे "आज शेवटचा दिवस, आत्ता सही केली नाही तर अनुदान बुडाले" असे जेव्हा कोणी दारात म्हणतो, तेव्हा घाई योजनेला नसते, त्याच्या कमिशनला असते.

योजनेची रीतही साधी आहे. राष्ट्रीय पोर्टलवर आपल्या आर.आर. नंबरच्या खात्यावरून ग्राहकानेच नोंदणी करायची. नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून आपण विक्रेता निवडायचा. यंत्रणा बसली, हेस्कॉमने तपासली, येणारी-जाणारी वीज मोजणारे मीटर लागले, की मग अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. ते विक्रेत्याकडून रोख मिळत नाही आणि आगाऊही मिळत नाही. "अनुदान मंजूर करून आणण्याचे" म्हणून कोणी पाच-दहा हजार मागत असेल, तर ते पैसे कुठल्याही सरकारी खात्यात जात नाहीत. तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात. म्हणून अनोळखी फायनान्स कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या बँकेत एक चक्कर टाकणे केव्हाही चांगले.

आता हिशेबाकडे वळू, कारण दारावरची विक्री हिशेब करू न देण्यावरच चालते. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ या वर्षातील आपला सरासरी मासिक वापर आणि त्यावर दहा टक्के, इतकी वीज २०० युनिटांच्या मर्यादेत मोफत मिळते. समजा, एका घराचा सरासरी वापर ९० युनिट होता. त्याला ९९ युनिटांपर्यंत बिल शून्य. १२० वापरली तर वरच्या २१ युनिटांचे पैसे. दोनशेच्या वर गेले की मात्र सगळे बिल भरावे लागते. आपल्या जुन्या घरांत, जिथे दोन म्हातारी माणसे राहतात, चार दिवे, दोन पंखे, एक फ्रीज आणि दूरदर्शन संच आहे, तिथे बिल आधीच शून्य आहे. अशा घरात जाऊन "बिल शून्य करतो" म्हणणारा माणूस त्यांना त्यांचीच वस्तू विकतो आहे, आणि तीही कर्ज काढायला लावून. एक किलोवॅटची यंत्रणा दिवसाला साधारण चार युनिट वीज देते, आपल्या पावसाळ्यात त्याहून कमी. तीन किलोवॅटच्या यंत्रणेला सुमारे दीड ते दोन लाख रुपये लागतात. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम कशातून भरून निघणार, जर बिलच येत नसेल?

याउलट ज्या एकत्र कुटुंबाचा वापर महिना साडेतीनशे युनिट आहे, ज्याला गृहज्योतीचा लाभ मिळतच नाही आणि दोन हजारांच्या पुढे बिल येते, त्याच्यासाठी हीच यंत्रणा काही वर्षांत पैसे वसूल करून देऊ शकते. म्हणजे "सौर घ्यावे की नाही" याचे सर्वांसाठी एक उत्तर नाही. आपली बारा महिन्यांची बिले समोर ठेवून प्रत्येक घराने स्वतःचे उत्तर काढायचे आहे. सौर यंत्रणा बसवल्यावर आपल्या गृहज्योतीचे काय होईल, हे हेस्कॉमच्या उपविभागीय कचेरीत लेखी विचारून घ्यावे. विक्रेत्याचे तोंडी उत्तर यासाठी चालणार नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा. "एक पैसा देऊ नका, पॅनेल आम्हीच बसवतो" असाही एक प्रकार आहे. यात यंत्रणा कंपनीची राहते, आपण छत देतो आणि वीज ठरलेल्या दराने तिच्याकडून विकत घेतो. ही पद्धत बेकायदा नाही. पण असा करार पंधरा, वीस, पंचवीस वर्षांचा असतो. दर दरवर्षी किती वाढणार? छताला गळती लागली तर पॅनेल कोण काढणार? कंपनी बुडाली तर लोखंडी सांगाडा कोणाचा? मधेच घर विकायचे झाले तर नवा मालक हा करार मान्य करील का? आणि आपण मधेच सोडला तर दंड किती? या पाच प्रश्नांची उत्तरे करारात कोणत्या कलमात आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा. जो दाखवू शकत नाही, त्याला चहा द्या, सही देऊ नका.

आपल्या समाजाची खास अडचण तर पुढेच आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घराचा आर.आर. नंबर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, घर तीन भावांत तोंडी वाटले गेले, पुढचा भाग एकाचा, माडी दुसऱ्याची, परसू तिसऱ्याचे. सिटी सर्वेच्या उताऱ्यावर मात्र सगळ्यांची नावे किंवा कोणाचेच नाही. अशा घराचे छत कोणाचे? जो भाऊ दुपारी घरी होता त्याने सही केली, कर्ज त्याच्या नावावर गेले, आणि यंत्रणा मात्र तिघांच्या छतावर. यातून भावाभावांत वितुष्ट यायला कितीसा वेळ लागतो? विक्रेता "नावाची अडचण मी सोडवतो" म्हणून मृत्यूचा दाखला, आधार, उतारा अशी सगळी कागदपत्रे घेऊन जातो. ही कागदपत्रे अनोळखी माणसाच्या हाती पडणे हेच मोठे संकट आहे. आर.आर. नंबर वारसाच्या नावावर करून घेण्याचा अर्ज हेस्कॉमच्या कचेरीत आपला आपण करता येतो. ज्यांनी तो वर्षानुवर्षे लांबवला आहे त्यांनी आता करून टाकावा. सौर घ्या किंवा न घ्या, ते काम करून ठेवलेले बरे.

धारवाडच्या जुन्या भागात अजून मंगळुरी कौलांची आणि माळवदाची घरे आहेत. तीन किलोवॅटच्या पॅनेलला साधारण तीनशे चौरस फूट सावली नसलेली जागा आणि वजन पेलणारे छत लागते. कौलांवर किंवा जुन्या माळवदावर सांगाडा ठोकण्यापूर्वी ओळखीच्या इंजिनिअरला छत दाखवावे. दारात आलेला विक्रेता छतावर न चढताच "बसेल, काही काळजी नको" म्हणत असेल, तर काळजी तिथूनच सुरू करावी.

फसवणुकीची लहान रूपेही आहेत. भिंतीतल्या सॉकेटला लावायची एक डबी "वीज तीस-चाळीस टक्के वाचवते" म्हणून विकली जाते. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. घरगुती मीटर जे युनिट मोजते ते अशा कपॅसिटरने कमी होत नाहीत, म्हणून बिलही कमी होत नाही. दुसरे रूप गॅसचे. "कंपनीकडून तपासणीला आलो आहोत" म्हणून स्वयंपाकघरात शिरायचे, चांगली नळी खराब ठरवायची आणि दामदुप्पट पैशांना नवी गळ्यात मारायची. गॅसची तपासणी खरीही असते. पण ती आपल्या वितरकाच्या माणसाने, ओळखपत्र दाखवून, पावती देऊन करायची असते. शंका आली तर त्याला दारातच थांबवून वितरकाच्या दुकानात फोन करावा. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर चोवीस तास घेतली जाते. शहरात नळीने गॅस देण्याचे काम चालू आहे. त्याच्या नावाने अनामत रक्कम मागायला येणाऱ्यालाही हाच नियम लावावा.

तिसरे रूप फोनवरचे. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर लगेच बोला" असे संदेश २०२२ पासून देशभर फिरत आहेत. बोलणारा मोबाईलमध्ये एखादे ॲप टाकायला लावतो आणि खाते रिकामे करतो. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊला फोन करून वीज तोडण्याची तरतूद कुठेही नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला पाठ करून द्यावे.

आणि सहीबद्दल. आपल्या आजी-पणजींना सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा न देण्याचे शहाणपण होते. आजचा अंगठा म्हणजे मोबाईलवर येणारा ओटीपी. "नोंदणीसाठी फक्त एक नंबर येईल, तो सांगा" असे म्हणून कर्जाची मंजुरी घेतली जाते. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे. कोरा धनादेश, कोरा अर्ज, आधारची झेरॉक्स आणि ओटीपी या चार गोष्टी दारात उभ्या असलेल्या माणसाला कधीही देऊ नयेत. आधारची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला हे आडवे लिहून द्यावे.

ज्यांची फसवणूक झालीच आहे त्यांनी गप्प बसू नये. लाजेने गप्प बसण्याची आपली सवय हेच या धंद्याचे मोठे भांडवल आहे. १८७२ चा करार कायदा सांगतो की लबाडीने किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती ज्याची घेतली त्याला तो करार रद्द ठरवता येतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात अनुचित व्यापारी प्रथा आणि एकतर्फी करार या दोन्हींविरुद्ध दाद आहे. धारवाडलाच जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी हैदराबादची असो की दिल्लीची, तिला आपल्या धारवाडला यावे लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बँकेतून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. उघड ठकवणूक असेल तर पोलिसांत जावे. जुने चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम झाले आहे. हेस्कॉमच्या सेवेबद्दलच तक्रार असेल तर आधी १९१२, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर लोकपाल, अशी पायरी वीज कायद्याच्या ४२ व्या कलमाने घालून दिली आहे.

मात्र सर्वांत आधी एक काम करावे. करार रद्द करीत असल्याचे पत्र त्याच दिवशी कंपनीला पोचपावतीसह पाठवावे आणि प्रत जपून ठेवावी. तोंडी "नको म्हणून सांगितले होते" याला आयोगापुढे फारसे वजन नसते.

भाषेचा मुद्दा टाळून चालणार नाही. आपण येथे पिढ्यान्पिढ्या राहतो, कानडी बोलतो, आपली मुले कानडी शाळांत शिकली. पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या आपल्या कित्येक वडीलधाऱ्या भगिनींना कानडी बोलता येते, वाचता येत नाही. त्यांच्यापुढे कानडी किंवा इंग्रजी करार ठेवला जातो आणि मजकूर मराठीत तोंडी सांगितला जातो. कागदावर एक आणि तोंडात दुसरे, हे याच फटीत घडते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. तो आपण जरूर वापरावा. पण यातून कानडी-मराठी असा वाद उभा करण्याचे काहीही कारण नाही. शेजारचे कानडी कुटुंबही याच विक्रेत्याने याच फाईलने फसवले आहे. किंबहुना ज्याने आपल्याला फसवले तो बहुतेक वेळा आपल्याच भाषेत गोड बोलला होता. भाषा एक असणे ही खरेपणाची हमी नाही, हा धडा आपण घ्यायला हवा.

त्या तरुणांबद्दलही दोन शब्द. दारात येणारा मुलगा बहुधा आयटीआय किंवा पदवी झालेला, नोकरी न मिळालेला, सही मिळाली तरच पैसे मिळणारा असतो. त्यातले काही आपल्याच समाजाचे आहेत. त्याला शिव्या देऊन किंवा गल्लीत अडवून दमदाटी करून काही साधणार नाही, आणि आमचे मंडळ तसे कधीही सांगणार नाही. जबाबदारी त्याला खोटे पाठ करून पाठवणाऱ्या कंपनीची आहे. मात्र आपल्या मुलांना आमचे सांगणे आहे की, स्वतःच्या आजीला जो करार तुम्ही देणार नाही, तो दुसऱ्याच्या आजीला देऊ नका.

आता प्रश्न राज्यकर्त्यांना. दारावरच्या खरेदीत विचार बदलायला मुदत असावी, ही गोष्ट युरोपात आणि ब्रिटनमध्ये कायद्याने मिळते. तिथे चौदा दिवसांत ग्राहक कारण न देता करार सोडू शकतो. आपल्याकडे सर्व प्रकारच्या दारावरच्या विक्रीला लागू होईल अशी सरसकट तरतूद नाही. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. त्यांत ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये असे म्हटले आहे. हाच नियम छतावरची सौर यंत्रणा आणि तिच्यासाठीची कर्जे विकणाऱ्या सर्वांना लावावा आणि त्यात चौदा दिवसांची मुदत घालावी, ही आमची पहिली मागणी आहे. नोंदणीकृत सौर विक्रेत्यांची यादी हेस्कॉमच्या प्रत्येक उपविभागीय कचेरीत कानडी, मराठी, उर्दू आणि इंग्रजीत लावावी, ही दुसरी. वीज बिलाच्या मागील बाजूस "हेस्कॉमचा कोणताही कर्मचारी घरी येऊन रोख रक्कम किंवा ओटीपी मागत नाही" असे ठळक छापावे, ही तिसरी. आणि चौथी मागणी सर्व पक्षांच्या नगरसेवकांना व आमदारांना आहे. आपले छायाचित्र कोणत्याही खासगी विक्रेत्याच्या पत्रकावर छापू देऊ नका. जुनी माणसे कंपनीचे नाव वाचत नाहीत, फोटो पाहून विश्वास ठेवतात.

येत्या निवडणुकांत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे हे चार मुद्दे ठेवावेत आणि उत्तर लिहून घ्यावे. दरवाढीच्या प्रस्तावावर विद्युत नियामक आयोग हरकती मागवतो आणि सार्वजनिक सुनावणी घेतो. तिथे उद्योजकांच्या संघटना जातात, शेतकऱ्यांच्या संघटना जातात. आपण घरगुती ग्राहक मात्र घरी बसून बिलावर चर्चा करतो. पुढच्या सुनावणीला मंडळाचे प्रतिनिधी जातील आणि दारावरच्या विक्रीचा प्रश्न मांडतील. ज्यांना अनुभव आला आहे त्यांनी आपली हकीगत तारीख व कागदांच्या प्रतींसह मंडळाच्या कचेरीत द्यावी. नाव गुप्त ठेवले जाईल.

मंडळाकडून काही गोष्टी आम्ही येथे जाहीर करतो. मंडळाने कोणत्याही सौर, वीज किंवा गॅस विक्रेत्याला समाजबांधवांच्या घरी जाण्याचा अधिकार दिलेला नाही. मंडळाचे नाव सांगणारा कोणी आला तर आम्हाला कळवावे. नोंदणीचा पुरावा दिल्याशिवाय अशा विक्रेत्याची जाहिरात या मुखपत्रात घेतली जाणार नाही, मग दर कितीही मिळो. दर रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत कानडी आणि इंग्रजी करार वाचून त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगण्याची सोय केली आहे. समाजातील निवृत्त बँक अधिकारी, वकील आणि वीज खात्यातील जुनी मंडळी यासाठी वेळ देण्यास पुढे आली आहेत. यासाठी पैसे घेतले जाणार नाहीत.

दारात आलेल्याला पाणी विचारणे हा आपला संस्कार आहे आणि तो सोडण्याची गरज नाही. फक्त पाणी आणि सही यांच्यात एका रात्रीचे अंतर ठेवावे. "कागद ठेवून जा, घरात विचारून सांगतो" हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी सोयरिकीपासून शेताच्या व्यवहारापर्यंत सगळीकडे वापरले. खरा विक्रेता कागद ठेवून जातो. खोटा ठेवत नाही. त्याला ओळखायला यापेक्षा सोपी परीक्षा नाही.